म्हातारपण कोणाच्या हवाली? सिंगापूरच्या १९९५ च्या कायद्यामागचा इतिहास

सिंगापूरच्या संसदेने नोव्हेंबर १९९५ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा मंजूर केला. साठी उलटलेल्या आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून दरमहा किंवा एकरकमी पैसे मागण्याचा हक्क त्याने दिला. १ जून १९९६ पासून त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण सुरू झालं. हे विधेयक सरकारचं नव्हतं. कायदा शिकवणारे नियुक्त खासदार वॉल्टर वून यांनी ते खासगी विधेयक म्हणून मांडलं होतं. १९६५ च्या स्वातंत्र्यानंतर तिथे खासगी विधेयकातून झालेला हा पहिलाच सार्वजनिक कायदा.

आपल्याकडे या कायद्याचा विषय निघाला की बहुतेकांचा सूर ठरलेला असतो: पूर्वेकडचा देश, थोरामोठ्यांना मान देणारी संस्कृती, म्हणून कायद्यातही तीच उतरली. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. तीन पिढ्या एका छपराखाली नांदणारं घर ही त्या शहराला वाडवडिलांकडून मिळालेली ठेव नव्हती. शहरातल्या बहुसंख्य माणसांना तिथे वाडवडीलच नव्हते. म्हाताऱ्यांना सांभाळणारं कुटुंब तिथे गेल्या साठ-सत्तर वर्षांत घडवलं गेलं. घरांच्या वाटपातून, पगारातल्या कपातीतून आणि शेवटी कायद्यातून.

एकोणिसाव्या शतकातलं सिंगापूर हे एकट्या पुरुषांचं बंदर होतं. दक्षिण चीनमधून, तमिळ मुलखातून, जावा-सुमात्रातून माणसं कमवायला यायची आणि चार पैसे गाठीला बांधून परत जायचं ठरवून यायची. १९११ च्या जनगणनेतही पुरुषांची संख्या बायकांच्या दुपटीहून जास्त होती. आजारी पडलं किंवा हात थकले तर घर म्हणून जायला कोणी नसायचं. ती जागा गाववाल्यांच्या, भाषेच्या आणि आडनावाच्या मंडळांनी भरून काढली. नव्याने आलेल्याला काम, आजाऱ्याला औषध, मेलेल्याला मूठमाती आणि त्याच्या नावाने वर्षाचे विधी, हे सगळं मंडळ पाहायचं. मलाक्काहून आलेले व्यापारी तान तोक सेंग यांच्या देणगीतून १८४४ मध्ये गोरगरिबांच्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. जातपात न पाहता फुकट औषध देणारी थोंग चाई संस्था १८६७ ची, तर कँटनच्या परिसरातून आलेल्या लोकांनी काढलेलं क्वोंग वाई श्यू रुग्णालय १९१० चं. दानशूरांनी द्यायचं आणि मंडळाने हिशेब ठेवायचा, ही घडी सरकार या कामात उतरण्याच्या आधी बसली होती.

बायकांचा इतिहास याहून वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दक्षिण चीनच्या सानश्वी भागातून आलेल्या, डोक्याला लाल कापड बांधणाऱ्या बायकांनी शहराच्या इमारतींसाठी माती आणि विटा वाहिल्या. त्यांना तिथे सामसुई बायका म्हणतात. कित्येकींनी लग्न केलं नाही, आयुष्यभर गावाकडे पैसे पाठवले आणि म्हातारपणी चायनाटाउनच्या अंधाऱ्या खोल्यांत एकमेकींच्या आधाराने राहिल्या. त्याच वस्तीत सेगो लेन नावाची गल्ली होती. दाटीवाटीच्या खोलीत मरण येणं अशुभ, आणि शुश्रूषेलाही कोणी नाही, म्हणून अखेरच्या दिवसांत माणसाला तिथल्या मृत्युगृहांत नेऊन ठेवत. सरकारने १९६१ मध्ये ती बंद केली. आजच्या सिंगापूरकडे पाहताना ही गल्ली विसरून चालणार नाही, कारण पुढच्या प्रत्येक धोरणामागे तिची आठवण असलेली पिढी होती.

वसाहतीच्या सरकारने समाजकल्याण खातं काढलं ते १९४६ मध्ये, जपानी ताब्याची साडेतीन वर्षं आणि युद्धानंतरची उपासमार पाहिल्यावर. पण खरा पाया पडला १ जुलै १९५५ रोजी, मध्यवर्ती भविष्य निर्वाह निधी सुरू झाला तेव्हा. तिथे लहानथोर सगळे त्याला सीपीएफ म्हणतात. सुरुवातीला कामगाराच्या पगारातून पाच टक्के आणि मालकाकडून पाच टक्के. मलायाचा असा निधी १९५१ चा आणि आपला ईपीएफ कायदा १९५२ चा, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या मुलखांत तेव्हा ही पद्धत रुळत होती. सरकारी निवृत्तिवेतनाचा बोजा तिजोरीवर पडत नव्हता, हे तिचं मोठं आकर्षण. ज्याचा पैसा त्याच्याच खात्यात. एकाच्या वर्गणीतून दुसऱ्याचं म्हातारपण निघत नव्हतं.

ली क्वान यू यांच्या पीपल्स ॲक्शन पार्टीने हा वारसा नुसता पुढे चालवला नाही, त्यावर अख्खा देश उभारला. गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, फेब्रुवारी १९६० मध्ये स्थापन झालं. मे १९६१ मध्ये बुकित हो स्वी वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार लोक उघड्यावर आले आणि मंडळाने वेगाने इमारती बांधून त्यांना घरं दिली. सरकार शब्दाला जागतं, हा विश्वास तिथून जमू लागला. १९६८ पासून सीपीएफमधला पैसा घर घ्यायला वापरता येऊ लागला आणि भाडेकरूंचं शहर घरमालकांचं झालं. आज सुमारे ऐंशी टक्के रहिवासी एचडीबीच्या घरांत राहतात.

पण या फ्लॅटांनी कुटुंबाचा आकारही बदलला. झोपडवस्त्यांत आणि कांपोंगांत, म्हणजे मलय धाटणीच्या खेड्यांत, काका-मामा शेजारी होते. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवराबायको आणि मुलं एवढीच मावत. मुलगा एका टोकाच्या वसाहतीत, आई-वडील दुसऱ्या टोकाला. मग सरकारने हे अंतर कमी करायचे उपाय सुरू केले. आई-वडिलांच्या जवळ घर घेणाऱ्याला सोडतीत प्राधान्य मिळू लागलं, पुढे अनुदानही मिळू लागलं. २०१५ पासूनचं ‘जवळ राहण्याचं अनुदान’ तर एकत्र राहणाऱ्यांना जास्त आणि जवळपास राहणाऱ्यांना थोडं कमी, असं आखलेलं आहे. घरांचं वाटप सरकारच्या हातात असल्यामुळेच हे जमलं.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा गेला १९८४ मध्ये. लोकांचं आयुष्य वाढतंय, पंचावन्नाव्या वर्षी हातात आलेला पैसा पुरणार नाही, असं सांगत आरोग्यमंत्री हाउ यून चोंग यांच्या समितीने सीपीएफ काढण्याचं वय साठवर नेण्याची शिफारस केली. हिशेब म्हणून तिच्यात चूक काढणं अवघड होतं. पण तीस वर्षं लोकांना सांगितलं गेलं होतं की हा तुमचा पैसा आहे. आता तोच पैसा आणखी पाच वर्षं मिळणार नाही म्हटल्यावर चाळीतल्यासारख्या एकमेकांना लागून असलेल्या त्या फ्लॅटांत संताप पसरला. डिसेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मतं ७७.७ टक्क्यांवरून ६४.८ वर घसरली आणि दोन जागा विरोधकांकडे गेल्या. पदवीधर आयांच्या मुलांना शाळाप्रवेशात झुकतं माप देणाऱ्या योजनेचा रागही त्यात होता, पण सीपीएफची भीती घरोघरी पोचलेली होती. शिफारस मागे पडली. १९८७ मध्ये ‘किमान रक्कम’ ही तरतूद आली: पंचावन्नाव्या वर्षी पैसे काढा, पण तीस हजार सिंगापूर डॉलर खात्यात ठेवा. मधल्या काळात, १९८५ च्या मंदीनंतर, मालकांचा हिस्सा पंचवीस टक्क्यांवरून थेट दहावर आणला गेला होता. आपल्या नावावरच्या पैशाचे नियम दुसरा कोणी बदलू शकतो, हे लोकांनी तेव्हा अनुभवलं.

सरकारने याच काळात कुटुंबाची भाषा मोठ्याने बोलायला सुरुवात केली, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. जानेवारी १९९१ च्या श्वेतपत्रिकेत पाच ‘सामायिक मूल्यं’ मांडली गेली. त्यांत कुटुंब हा समाजाचा मूळ घटक हे एक. पाश्चात्त्य धर्तीचं कल्याणकारी राज्य माणसाला परावलंबी करतं, अशी नेतृत्वाची ठाम धारणा होती. आधी माणसाने स्वतः, मग कुटुंबाने, मग समाजाने आणि सगळ्यात शेवटी सरकारने, अशी उतरंड ठरली. तिला ‘मदतीचे अनेक हात’ म्हणत. समाजाचा हात म्हणजे मलय मुसलमानांची मेंदाकी (१९८२), भारतीयांची सिंडा (१९९१), चिनी लोकांची सीडीएसी (१९९२) अशा संस्था. त्यांची वर्गणीही पगारातूनच कापली जाते. जुन्या मंडळांचं काम आता नोंदणीकृत संस्थांकडे आलं, फरक इतकाच की कपातीची यंत्रणा सरकारी होती.

वून यांचं विधेयक या हवेत आलं. त्यावर संसदेत आणि बाहेरही तीव्र वाद झाला. माया कायद्याने आणता येत नाही, घरातली भांडणं चव्हाट्यावर येतील, लाजेपोटी म्हातारे तक्रारच करणार नाहीत, असं विरोधकांचं म्हणणं होतं. वून यांची बाजू साधी होती: कायदा प्रेम करणाऱ्या घरांसाठी नाही, आई-बापाला उपाशी टाकणाऱ्या मोजक्या घरांसाठी आहे, आणि तिथे समाजाने करदात्यांच्या पैशाने भरपाई का करावी? ज्याने मुलाला लहानपणी टाकून दिलं किंवा छळलं, त्याचा दावा फेटाळण्याची मुभाही कायद्यात होती.

अशी कल्पना तिथेच पहिल्यांदा सुचली असं मात्र नव्हे. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहाची तरतूद होतीच, आणि कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे असं ठरवलं. पण स्वतंत्र न्यायाधिकरणाची वाट सिंगापूरने आधी धरली. आपला ज्येष्ठ नागरिकांचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २००७ मध्ये आला.

त्या काळातली एक बाजू कुटुंबाच्या या गौरवगाथेत नेहमी गाळली जाते. मुलगा-सून दोघं नोकरीला जात असताना म्हाताऱ्यांचं करायचं कोणी? १९७८ पासून परदेशी घरकामगार बायकांना आणण्याची योजना सुरू झाली होती. फिलिपिन्स आणि इंडोनेशिया, पुढे म्यानमारहूनही आलेल्या या बायका आज दोन लाखांहून अधिक आहेत. घरात वृद्ध असेल तर त्यांच्यासाठी मालकाने सरकारला भरायची मासिक लेव्ही सवलतीत, साठ डॉलर. मार्च १९९५ मध्ये, कायदा होण्याच्या आठ महिने आधी, फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या फिलिपिनो घरकामगार बाईला खुनाच्या गुन्ह्यात सिंगापुरात फाशी झाली. फिलिपिन्समध्ये संताप उसळला, राजदूत माघारी बोलावले गेले आणि जूनमध्ये तिथे स्थलांतरित कामगारांचा नवा कायदा झाला. सिंगापुरातल्या आजीला जेवू घालणारी बाई स्वतःच्या आईला आणि मुलांना गावी सोडून आलेली असते. आठवड्याची सुट्टी तिला कायद्याने मिळायला २०१३ उजाडावं लागलं. सीपीएफ नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच असल्यामुळे तिच्या म्हातारपणासाठी या व्यवस्थेत एकही खातं नाही. या कायद्याची कोणतीही चर्चा तिच्याशिवाय अपुरी आहे.

‘अनेक हातां’मधल्या समाजाच्या हाताची परीक्षा २००५ मध्ये झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेलं नॅशनल किडनी फाउंडेशन हे देशातलं सर्वांत मोठं धर्मादाय नाव होतं. टीव्हीवरच्या भव्य कार्यक्रमांत कलाकार जिवावरच्या कसरती करत आणि साधी माणसं फोन करून डायलिसिससाठी पैसे देत. एप्रिल २००४ मध्ये ‘द स्ट्रेट्स टाइम्स’ने प्रमुख टी. टी. दुराई यांच्या कार्यालयातल्या न्हाणीघरात सोन्याचा मुलामा दिलेला नळ बसवला होता असं छापलं. संस्थेने वर्तमानपत्रावर बदनामीचा दावा लावला. याआधी टीका करणाऱ्यांना अशाच दाव्यांनी माफी मागायला लावलं गेलं होतं. जुलै २००५ च्या सुनावणीत मात्र उलटतपासणी झाली आणि बाहेर आलं की दुराईंना वर्षाला सुमारे सहा लाख डॉलर मिळतात, संस्थेकडे सव्वीस कोटींची गंगाजळी पडून आहे आणि रुग्णांचे आकडे फुगवून सांगितले जातात. दावा मागे घेतला गेला. संस्थेच्या आश्रयदात्या, माजी पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्या पत्नी, म्हणाल्या की एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला सहा लाख म्हणजे शेंगदाणे, अगदीच किरकोळ. त्यानंतर लोकांचा राग आवरेना. राजीनाम्याच्या मागणीवर चाळीस हजारांवर सह्या झाल्या, देणग्या थांबल्या आणि दोन-तीन दिवसांत अख्खं संचालक मंडळ पायउतार झालं. २००७ मध्ये दुराईंना तीन महिन्यांची कैद झाली.

दुखावलेले देणगीदार मुख्यतः एचडीबीच्या घरांतले होते. सरकारने शेवटचा हात आपला ठेवला, म्हणून त्यांनी आपला हात पुढे केला होता. त्यानंतर धर्मादाय संस्थांचा कायदा कडक झाला, धर्मादाय आयुक्तांचे अधिकार वाढले आणि कारभाराची संहिता आली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तपास झाला आणि त्याचा अहवाल लोकांसमोर ठेवला गेला. नव्या व्यवस्थापनाखाली तीच संस्था पुन्हा उभी राहिली.

सरकारच्या हाताची पाळी पुढे आली. २०११ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांची मतं साठ टक्क्यांवर आली. जून २०१४ मध्ये किमान रक्कम १,५५,००० डॉलरपर्यंत चढत असताना होंग लिम पार्कमध्ये लोक ‘आमचा सीपीएफ परत द्या’ म्हणत जमले. त्याच सुमारास धोरण वळलं: १९४९ पर्यंत जन्मलेल्यांसाठी पायोनिअर पिढीची मदत, २०१५ मध्ये सर्वांना सक्तीचा आरोग्यविमा, २०१६ पासून गरीब वृद्धांना तिमाही रोख रक्कम. ज्या बायकांनी आयुष्यभर घर सांभाळलं आणि म्हणून ज्यांच्या खात्यात काही साठलंच नाही, त्यांनाही यातून थेट काही मिळालं.

कायदाही बदलत गेला. २०१० च्या दुरुस्तीनंतर न्यायाधिकरणाआधी समझोत्याची पायरी आली आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटू लागली. पण समझोता घडवणाऱ्या आयुक्तांसमोर येणाऱ्यांत असे आई-बापही होते, ज्यांनी मुलांना लहानपणी मारलं होतं किंवा वाऱ्यावर सोडलं होतं; चाळिशीतल्या मुलाला किंवा मुलीला त्याच माणसासमोर बसून सगळं पुन्हा सांगावं लागे. जुलै २०२३ मध्ये संसदेने पुन्हा एका खासगी विधेयकातूनच दुरुस्ती मंजूर केली. छळ, हेळसांड किंवा त्याग केल्याची नोंद ज्या पालकाच्या नावावर आहे, त्याला आता दावा दाखल करण्याआधी न्यायाधिकरणाची परवानगी काढावी लागते.