शुगर लो झाली की अँब्युलन्सवाले आधी बोट का पुसतात

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात ललिता पंचमीला, कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या देवळात जाते त्या दिवशी, मधुमेह असून नवरात्राचे उपास धरलेली माझी आत्या सोप्यात बसल्या बसल्या काहीतरीच बोलायला लागली. पोलकं घामानं चिंब, हात गार, आणि मला "दादा" म्हणून हाक मारत होती, दादा म्हणजे माझे वडील, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका आला. काकी म्हणाली, "शुगर उतरली असंल, गूळ घाल तोंडात", म्हणून मी खडा तोंडात घातला, एक हातात दिला, भावानं १०८ ला फोन लावला.

आपल्याकडं १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. त्यांनी आत्याला कुशीवर वळवलं आणि पहिल्यांदा तोंडातला गूळ काढला, कारण गुंगीत गिळता येत नाही, खडा किंवा सरबत श्वासनलिकेत गेलं तर शुगरपेक्षा मोठं संकट. मग तिचं बोट ओल्या कापसानं दोनदा पुसलं, कोरडं केलं आणि मगच टोचलं. मला तेव्हा राग आला होता, की अशा वेळी बोटं काय पुसत बसलेत. पण मीटरला लागणारा थेंब एवढासा असतो की बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असला तर त्यातलं ग्लुकोजही पट्टी मोजते आणि लो असलेल्या माणसाची शुगर नॉर्मल दिसते. आत्याचं चिकट बोट तसंच टोचलं असतं तर कदाचित झटका समजूनच पुढचे उपचार झाले असते. खरा आकडा होता ३१.

७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्केच असतो पण जवळपास २० टक्के ऊर्जा खातो, आणि स्वतःजवळ साठा म्हणावा असा काहीच ठेवत नाही, रक्तातून येईल त्यावरच चालतो. शुगर उतरायला लागली की आधी अॅड्रिनलिन सुटतं, म्हणून घाम, थरथर, धडधड, भूक, आणि त्याच्याही खाली गेली की मेंदूच मंदावतो, मग माणूस बरळतो, चिडतो, झटके येतात, कधी कधी एक बाजू लुळी पडते. म्हणून कुणी प्यालेला समजतं, कुणी लकवा. बीपीच्या काही गोळ्यांनी तर धडधड, थरथर जाणवतच नाही, घाम तेवढा येतो. म्हणून शुद्धीत नीट नसलेला कुणीही पेशंट असू दे, अँब्युलन्समध्ये शुगर बघतातच.

आत्याला शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, आणि ते सावकाश, कारण इतकं घट्ट द्रावण शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस खराब होतं. शीर सापडली नाही तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन दंडात देता येतं, ते लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढतं, पण पाच दिवस उपाशी असलेल्या बाईच्या लिव्हरमध्ये साठा कुठला.

काही मिनिटांत ती उठून बसली. "एवढी गर्दी का केलीसा?" आणि लगेच, "मी बरी हाय, दवाखान्यात न्हाई यायची."

मला विचाराल तर खरी कसोटी इथंच होती. डॉक्टर म्हणाले, "मावशी, गोळ्यांची पाकिटं दाखवा." त्यात ग्लिमेपिराइड होती, सकाळी उपाशीपोटी घेतलेली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो, आणि तिचा परिणाम दिवसभर राहू शकतो, म्हातारपणात किडनी मंद असेल तर त्याहून जास्त. शिरेतली साखर मात्र थोड्या वेळात संपते. म्हणजे आत्ता बरी दिसणारी आत्या संध्याकाळी पुन्हा पडली असती. तिची समजूत घालून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवलं, दर थोड्या वेळानं शुगर बघितली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. व्होग्लिबोज नावाची मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर आणि गूळ पोटात फुटायलाच वेळ लागतो, ती गोळी तेच काम अडवते. तिथं साधी ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वाढली नाही तर पुन्हा द्यायचं, वाढली की जेवायला घालायचं.

शुगर वाढण्याची इमर्जन्सी वेगळी, ती तासातासानं, कधी दिवसांनी चढत जाते. इन्शुलिन चुकलेलं पोरगं, उलट्या, पोटात दुखतंय, श्वास खोल आणि भरभर, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. गाडीत त्याला मुख्यतः सलाईन देतात, शरीर कोरडं पडलेलं असतं म्हणून. इन्शुलिनची घाई सहसा करत नाहीत, कारण त्यानं रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ते लॅबमध्ये बघूनच सुरू करायचं असतं. गगनबावड्याकडून पन्नासेक किलोमीटर येताना सलाईन, मॉनिटर आणि ईसीजी एवढंच बरंच काम करतं.

आत्याच्या डॉक्टरांनी नंतर ती गोळी बदलली आणि उपासाच्या दिवसांचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं, ते आम्ही फ्रीजवर चिकटवलंय, शेजारी ग्लुकोजचा डबा.