तारखा घेणारा आणि मॅनेजर

१४ एप्रिल जवळ आला की परभणी-नांदेडकडच्या भीमगीत गायकाच्या फोनला उसंत नसते. तो फोन उचलणारा भाऊ, मित्र नाहीतर ढोलकीवाला स्वतःला मॅनेजर म्हणवतो. या कामात येऊ बघणाऱ्या पोरांना मी आधी एवढंच विचारतो: बाबा, तू तारखा घेतोस की कलाकार सांभाळतोस?

तारखा घेणारा सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची बोली, ठरवतो. जयंती मंडळाशी, यात्रा कमिटीशी बोलून बिदागी, इसार, गाडीभाडं, साऊंड कुणाचा हे पक्कं करतो आणि त्या कार्यक्रमाच्या पैशातून आपला हिस्सा घेतो. दहा गायकांच्या तारखा एकट्याकडे असल्या तरी त्यात गैर काही नाही, ओळखी हेच त्याचं भांडवल. मॅनेजर एकदोघांचाच असतो. त्याचा वाटा कलाकाराच्या एकूण कमाईतला, साधारण १५ ते २० टक्के.

फरक उघडा पडतो तो नकार द्यायच्या वेळी. संध्याकाळी नांदेड आणि त्याच रात्री लातूर अशा दोन सुपाऱ्या आल्या, तर तारखा घेणाऱ्याला दोन कार्यक्रम दिसतात. मॅनेजरला मधला रात्रीचा प्रवास दिसतो, बसत चाललेला आवाज दिसतो आणि पुढच्या आठवड्यातलं रेकॉर्डिंगही. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो; मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. पाहुण्यांची भाषणं लांबतात, गायकाला साडेनऊला माइक मिळतो, अर्ध्या तासात पोलीस येतात आणि मंडळ म्हणतं, तुम्ही गायलातच किती? उशीर मंडळाकडून झाला तरी बिदागी पूर्ण, हे वाक्य सुपारीच्या कागदावर लिहून घेणं तारखा घेणाऱ्याचं काम. ते लिहिलंय का, हे बघणं मॅनेजरचं.

आणि एक पैसा असा आहे, जो तारखांच्या वहीत कधीच येत नाही. आपल्याकडे गाणं लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा बरेचदा एकच माणूस असतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. पण तो हाती पडायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व आणि गाण्यांची नोंद लागते. गायकाच्या हक्कासाठी इसाम्रा (आधीची इसरा) ही वेगळी संस्था. किती चांगले कलाकार यातलं काहीच न करता म्हातारे झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही नोंद करून देणारा खरा मॅनेजर. मानधनातून कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळवणं हेही त्याच्याकडेच.

सुरुवात तारखांपासूनच करावी, असं माझं मत. एका वर्षाचा एप्रिल महिना आणि मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा नीट बघितली, तरी बोलणी कशी होतात, पैसे कुठे अडतात हे कळतं. मॅनेजर व्हायचं तर मात्र आधी कागद करा, सख्ख्या भावाशीसुद्धा. मुदत एक वर्ष, टक्केवारी कोणत्या कमाईवर आणि कोणत्या नाही, गाडीभाडं वाट्यातून वगळलेलं. आणि इसार थेट कलाकाराच्या खात्यात.