मधुमेहाचा मानसिक ताण

मधुमेह रोजच्या रोज सांभाळताना येणारा थकवा, धास्ती, चिडचिड आणि अपराधीपणा यांना मिळून मधुमेहाचा मानसिक ताण म्हणतात. हा मानसिक आजार नव्हे. गोळ्या, पथ्य, व्यायाम, तपासण्या यांना सुट्टी नसते आणि सगळे नीट करूनही साखर कधीकधी वाढतेच. त्यातून कोणालाही येईल असा हा वैताग आहे. नैराश्य वेगळे. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळते. मात्र ताण असलेल्या अनेकांना नैराश्य नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या ताणासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात १०० पैकी ४० किंवा जास्त गुण म्हणजे ताण गंभीर. २००५ मध्ये १७ प्रश्नांची दुसरी मोजपट्टी आली. तिने भावनिक ओझे, पथ्यपाणी आणि डॉक्टर यांच्या जोडीला जवळच्या माणसांमुळे होणारा त्रासही मोजला.

या शेवटच्या त्रासाची वाच्यता कमी होते. टाइप-२, म्हणजे बहुधा मोठेपणी होणारा मधुमेह, म्हटले की ‘तोंडावर ताबा नाही’ असा शिक्का बसतो. आनुवंशिकता आणि वय कोणी विचारात घेत नाही. जेवताना सगळ्यांदेखत ‘हे तुला चालतं का?’ असे विचारणारा काळजीपोटीच विचारतो, पण ऐकणाऱ्याला ती झडती वाटते. मग माणूस चारचौघांत नको म्हणतो आणि नंतर एकटा असताना खातो. आकडा बघायला नको म्हणून ग्लुकोमीटर कपाटात जातो. तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर आटोक्यात दिसते खरी, पण एचबीए१सी ही रक्ततपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि दवाखान्यात बोलणी बसतात.

इन्सुलिनची भीतीही अशीच. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची क्षमता वर्षांगणिक घटत जाते, त्यामुळे अनेकांना कधीतरी इन्सुलिन लागते. पण ‘पथ्य पाळलं नाहीत तर सुई लावावी लागेल’ असा धाक आधी घातला गेला असेल, तर तेच औषध शिक्षा वाटते. असा धाक डॉक्टरांनी तरी घालू नये. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम उतरली की धडधड, घाम, थरथर होते. ते पुन्हा नको म्हणून काही जण साखर मुद्दाम चढी ठेवतात.

हा ताण ओळखण्यासाठी बऱ्याचदा साधी चौकशी पुरते: या आजाराचे सध्या सर्वांत अवघड काय वाटते? हे विचारण्याआधीच औषधाचा डोस वाढवला, तर न घेतलेल्या गोळ्यांची संख्या तेवढी वाढते.