अधिक चिन्हाच्या अलीकडे डायलेक्ट, पलीकडे ड्रायव्हर

एसक्यूएलअल्केमी ही पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी, तिची कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारी ओळ) कधी नीट वाचलीये का? सुरुवातीलाच ‘पोस्टग्रेसक्यूएल+सायकोपीजी२’ असं काहीतरी असतं, आपण सगळे ते कुठूनतरी उचलून चिकटवतो आणि पुढे जातो, मीपण कित्येक वर्षं तेच केलं. त्या अधिकच्या डावीकडे डायलेक्ट असतो आणि उजवीकडे ड्रायव्हर. या दोघांची गल्लत झाली की बिघाड एकीकडे आणि आपण खणतोय दुसरीकडे.

डायलेक्ट म्हणजे सरळ बोलीच की. एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं, स्टँडर्ड आहे, पण ते आपल्या प्रमाण मराठीसारखं, पुस्तकात सगळ्यांना मान्य आणि घरी प्रत्येकाचं वेगळंच. टेबलच्या नावाभोवती पोस्टग्रेसला डबल कोट लागतो, मायएसक्यूएलला बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस. पहिल्या २० ओळी सोडून पुढच्या १० हव्यात तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइटला लिमिट-ऑफसेट चालतं, एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ऑफसेट-फेच देतो पण ऑर्डर बाय नसेल तर ऐकतच नाही. सगळ्यात फसव्या म्हणजे त्या दोन उभ्या रेघा. पोस्टग्रेसमधे त्या दोन स्ट्रिंगा जोडतात, मायएसक्यूएलमधे डीफॉल्टला त्यांचा अर्थ ‘किंवा’, त्यामुळे नाव-आडनाव जोडायला गेलात तर एरर वगैरे काही नाही, हातात येतो शून्य. हे असलं सगळं सांभाळायचं काम डायलेक्टचं.

ड्रायव्हरला यातलं काही पडलेलं नसतं. तयार मजकूर आणि व्हॅल्यू सर्व्हरपर्यंत न्यायच्या, आलेल्या ओळी पायथनच्या टाइपमधे आणून द्यायच्या, संपलं. एसटीत मालवणी बोलणारे बसलेत की वऱ्हाडी, गाडी चालवणाऱ्याला काय फरक पडतो?

आता एक ड्रायव्हर, दोन डायलेक्ट असं होतं का? होतं ना. पायमायएसक्यूएल मायएसक्यूएललाही जोडतो आणि मारियाडीबीलाही, पण मारियाडीबीत १०.५ पासून इन्सर्टला रिटर्निंग लावता येतं (घातलेली ओळ लगेच परत मिळते) आणि मायएसक्यूएलमधे ते नाहीच. जावास्क्रिप्टवाल्यांच्या नेक्स या क्वेरी बनवायच्या लायब्ररीतही तसंच, कॉक्रोचडीबी निवडला तरी खाली पॅकेज पोस्टग्रेसचंच असतं. तिथे दोन्ही गोष्टी ‘क्लायंट’ नावाच्या एकाच सेटिंगमधे कोंबल्यात, माझ्या मते अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

उलटं, म्हणजे एक डायलेक्ट आणि दोन ड्रायव्हर, हे मला जास्त महागात पडलं. एका प्रोजेक्टमधे असिंक (डेटाबेसच्या उत्तरासाठी अडून न राहणारं) करायचं म्हणून सायकोपीजी२ काढून असिंकपीजी टाकला, कोड असिंक केला, बाकी डेटाबेस तोच, डायलेक्ट तोच, म्हटलं यात काय होणारे. आणि जिथेतिथे एरर, की नंबर हवा होता आणि स्ट्रिंग मिळाली. मी दोन तास कंपाइल झालेली, म्हणजे लायब्ररीने तयार केलेली, क्वेरी डोळ्यात तेल घालून वाचत होतो आणि क्वेरीत काहीच चूक नव्हती. झालेलं असं की आयडी वेब रिक्वेस्टमधून मजकूर म्हणून यायचा, ‘५’ असा कोटातला. सायकोपीजी२ व्हॅल्यू स्वतःच क्वेरीच्या मजकुरात कोटासकट बसवून पाठवतो, आणि कोटातला ५ पोस्टग्रेस बिनबोभाट आकडा म्हणून घेतो. असिंकपीजी आधी सर्व्हरकडून क्वेरी प्रिपेअर करून घेतो, म्हणजे व्हॅल्यू न देता आधीच तपासून घेतो, त्याला कळतं की इथे इंटिजर लागणारे, मग तो व्हॅल्यू बायनरीत बदलायला जातो आणि स्ट्रिंग दिसली की तिथेच अडतो. म्हणजे चूक माझीच होती, जुना ड्रायव्हर ती झाकून घेत होता.

तेव्हापासून एरर आली की आधी बघतो बोललं कोण. सर्व्हरने सिंटॅक्स एरर दिली तर डायलेक्टकडे बघा (किंवा स्वतः लिहिलेल्या कच्च्या एसक्यूएलकडे), आणि क्वेरी सर्व्हरवर चालायच्या आधीच टाइपवरून कुरकुर झाली तर ड्रायव्हरकडे. आणि हो, क्वेरी नुसती प्रिंट करून निष्कर्ष काढू नका, डायलेक्ट न सांगता प्रिंट केली तर एसक्यूएलअल्केमी एक सर्वसाधारण रूप दाखवते, तुमच्या डेटाबेसला जाणारं नाही. कंपाइल करताना डायलेक्ट द्या, मग खरं दिसतं.

सीमेवरची एक गोष्ट आहे, प्लेसहोल्डर, म्हणजे क्वेरीत व्हॅल्यूची जागा धरून ठेवणारी खूण. दिसतो एसक्यूएलचा भाग, पण ठरवतो ड्रायव्हर. पायथनच्या पेप २४९ मधे (डेटाबेस ड्रायव्हर कसे असावेत ते सांगणारा दस्तऐवज) त्याच्या पाच पद्धती दिल्यात. पायथनसोबत येणारा एसक्यूलाइटचा ड्रायव्हर प्रश्नचिन्ह घेतो, सायकोपीजी२ टक्क्याने सुरू होणारा, आणि असिंकपीजी या पाचांच्या बाहेरच, डॉलर आणि पुढे आकडा. म्हणून तर एसक्यूएलअल्केमीच्या आतल्या कोडमधे पोस्टग्रेसच्या डायलेक्टखाली प्रत्येक ड्रायव्हरसाठी वेगळा क्लास आहे. सायकोपीजी२ ला थेट कच्चं एसक्यूएल देऊन सोबत व्हॅल्यूही देत असाल, तर लाईकमधला टक्का दोनदा लिहावा लागतो, तोही याच टक्क्याच्या प्लेसहोल्डरमुळे.

आणि अपसर्ट, म्हणजे ओळ नसेल तर घाल, असेल तर बदल? ते शंभर टक्के डायलेक्टचं, आणि नुसत्या स्पेलिंगचा फरक नाही तो. पोस्टग्रेसमधे ९.५ पासून ऑन कॉन्फ्लिक्ट आहे, अपडेट करायचं तर कुठल्या कॉलमवरची टक्कर ते सांगावं लागतं. मायएसक्यूएलच्या ऑन ड्युप्लिकेट की मधे ते सांगायला जागाच नाही, कुठल्याही युनिक की वर टक्कर झाली की अपडेट. समजा ईमेल आणि मोबाईल दोन्ही युनिक आहेत, तुम्ही ईमेलचा विचार करून लिहिलंत आणि नवीन माणसाचा मोबाईल जुन्या कोणाशी जुळला, तर पोस्टग्रेस एरर देईल आणि मायएसक्यूएल त्या जुन्याचीच ओळ बदलून टाकेल. एसक्यूएलअल्केमीच्या नेहमीच्या इन्सर्टवर अपसर्ट मिळत नाही, त्या त्या डायलेक्टच्या मॉड्यूलमधून वेगळा इन्सर्ट इम्पोर्ट करावा लागतो, त्यावरच्या मेथडची नावंही वेगळी. आधी मला हा लायब्ररीवाल्यांचा आळस वाटायचा.