पित्ताश्मरी

पित्ताशयात किंवा पित्तनलिकांत पित्तातील घटक साकळून बनणारे खडे. बोलीत यांना ‘पित्ताच्या पिशवीतले खडे’ म्हणतात.

संज्ञेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेत ‘पित्ताश्मरी’ हा शब्द येतो, पण तेथे अश्मरीचे (खड्याचे) चारही प्रकार मूत्रमार्गातील आहेत आणि पित्त म्हणजे आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी एक दोष, यकृताचा स्राव नव्हे. त्यामुळे केवळ नामसाम्यावरून प्रस्तुत विकार प्राचीनांना ठाऊक होता असे मानणे सयुक्तिक वाटत नाही. मराठीत तर ‘पित्त’ आम्लपित्तालाही म्हणतात आणि अंगावर उठणाऱ्या गांध्यांनाही. लोकांच्या गैरसमजाचे मूळ बव्हंशी येथेच आहे. ‘पित्त झालंय’ म्हणून वर्षानुवर्षे आम्लशामक गोळ्या घेणाऱ्याच्या पिशवीत खडे असू शकतात. उलट ‘खडा’ म्हटले की मुतखडा आठवतो आणि भरपूर पाणी प्यायले की पडून जाईल, असे वाटते. पित्तनलिका लहान आतड्यात उघडते. मूत्रमार्गाशी तिचा संबंध नाही.

कोलेस्टेरॉलाचे आणि पित्तातील रंगद्रव्याचे असे खड्यांचे दोन मुख्य प्रकार. कोलेस्टेरॉलाचा खडा कापला असता मध्यापासून कडेकडे गेलेले चकचकीत स्फटिक दिसतात. अनेक खडे एकमेकांवर घासले की त्यांना पैलू पडतात. कोलेस्टेरॉल हा पदार्थ मुळात अशा खड्यांतूनच हाती लागला. त्याचे श्रेय फ्रेंच वैद्य पुलतिए द ला साल यांना देतात. वर्ष काहींच्या मते १७५८, काहींच्या मते १७६९. दुसरे अधिक ग्राह्य धरले जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१५ च्या सुमारास त्यास ग्रीक ‘पित्त’ आणि ‘घन’ या शब्दांवरून नाव दिले. आज त्या नावाने हृदयविकाराची भीती वाटते, पित्ताशय कोणाला आठवत नाही.

बहुतेकांना खड्यांचा त्रास होत नाही. अशांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास होतो तेव्हा जेवणानंतर किंवा रात्री पोटाच्या वरच्या भागात, मध्यावर किंवा उजवीकडे, कळ येते. ती खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते आणि काही तास टिकते. कळ न थांबणे, ताप, थंडी, कावीळ ही उपद्रवांची (गुंतागुंतीची) चिन्हे होत. पित्ताशयशोथ (पित्ताशयाचा दाह), नलिकेत खडा अडकून होणारा जंतुसंसर्ग आणि स्वादुपिंडशोथ (स्वादुपिंडाचा दाह) हे प्रमुख उपद्रव; शेवटचे दोन प्राणघातक ठरू शकतात.

तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. शौचात पडणाऱ्या हिरवट, मऊ गोळ्या तपासल्या असता त्या तेलापासून पोटातच बनलेल्या साबणासारख्या निघाल्या.

निदान सोनोग्राफीने होते. साध्या क्ष-किरणचित्रात बहुतेक खडे दिसत नाहीत. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मन शल्यचिकित्सक लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केली. दुर्बिणीतून ती प्रथम कोणी केली याचे श्रेय बराच काळ फ्रेंच शल्यचिकित्सक मूरे (१९८७) यांना दिले जाई. पण जर्मन शल्यचिकित्सक म्यूहे यांची १९८५ ची शस्त्रक्रिया त्याआधीची आहे.