दासाचे भय आणि पुत्राचे भय

योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे सांगितले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात मात्र असा उपदेश आहे की, ज्याला तुम्ही पिता म्हणून हाक मारता तो पक्षपात न करता प्रत्येकाच्या कामाप्रमाणे न्याय करतो, म्हणून इथला काळ भय बाळगून घालवा. देवाला पिता म्हणायचे आणि त्याचे भयही बाळगायचे, हे एकत्र कसे नांदावे, हा प्रश्न भाविक वाचकाला पडतोच. आणि पुष्कळदा एक वचन उराशी धरून दुसऱ्याकडे काणाडोळा केला जातो. ख्रिस्ती धर्मचिंतनाने फार पूर्वीपासून असे मानले आहे की ही दोन निरनिराळी भये आहेत, एक दासाचे आणि दुसरे पुत्राचे. या विभागणीचा आधार पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सापडतो: विश्वासणाऱ्यांना पुन्हा भीतीत लोटणारा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, तर ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारायला लावणारा दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे.

कोणते भय जास्त आणि कोणते कमी, असा हा फरक नाही. माणूस नेमके कशाला भितो, यावर तो ठरतो. दास शिक्षेला भितो, आणि शिक्षा टळली की धन्याच्या मनाला काय वाटले याच्याशी त्याला देणेघेणे उरत नाही. पुत्राला धास्ती असते ती बापाला दुखावण्याची आणि त्याच्यापासून दुरावण्याची, त्यामुळे शिक्षा होणार नाही अशी खात्री पटली तरी त्याचे भय ओसरत नाही. एदेन बागेत देवाची चाहूल लागताच आदाम झाडांमध्ये लपला आणि मी भ्यालो म्हणून लपलो, असे त्याने स्वतःच सांगितले. याउलट 51 व्या स्तोत्रात, जे परंपरेने दावीद राजाच्या पश्चात्तापाचे मानले जाते, पापी माणूस गयावया करतो ती मला तुझ्यासमोरून घालवून देऊ नको अशी. दोघांच्याही हातून पाप घडले आहे आणि दोघेही भ्याले आहेत. पण एकाला देवाचे सान्निध्य नकोसे झाले आहे, तर दुसऱ्याला तेच गमावण्याची भीती वाटते.

पाप घडल्यावर हा भेद असा उघडा पडतो. सगळे सुरळीत चालले असताना मात्र तो ओळखणे कठीण जाते, कारण दोन्ही भये माणसाकडून सारखीच आज्ञापालने करून घेतात. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा आपला वाटा परदेशात उधळून घरी परततो, आणि घरीच राहिलेल्या थोरल्या भावाच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. तरी बापाशी तो बोलतो ते चाकराच्या तोंडी शोभावे असे: इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, पण मित्रांबरोबर आनंद करायला मला कधी करडूही दिले नाहीत. जन्माने पुत्र असलेला हा माणूस मनात राबल्या दिवसांची वही ठेवून आहे, आणि घरी आलेल्या भावाला भाऊ न म्हणता ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. धाकट्याने परदेशात वाक्य जुळवून ठेवलेले असते की मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा. प्रत्यक्षात बाप धावत येऊन गळ्यात पडतो तेव्हा कबुली पूर्ण होते, पण ही मागणी उच्चारली जाण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणण्याचा हुकूम सुटतो. चाकराची जागा या घरात मागूनही मिळत नाही. प्रवचनांत हा दाखला बहुधा धाकट्यापाशीच आटोपला जातो, हे मला खटकते. नियमित उपासनेला येणाऱ्या मंडळीची दुखणी थोरल्याच्या जवळची असतात.

बाप प्रेमळ आहे, मग भय हवेच कशाला, हा गैरसमज फार वेळ घेण्याजोगा नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ या हाकेनंतर पहिली विनंती येते ती तुझे नाव पवित्र मानले जावो ही, आणि भाकर त्यानंतर मागितली जाते.

खरा वाद झाला तो दासाचे भय अगदीच निरुपयोगी आहे का, यावर. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने योहानाच्या पत्रावरील प्रवचनात भयाला सुईची उपमा दिली: सुई आधी शिरते म्हणून दोरा आत जातो, पण सुई तिथेच राहत नाही. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने नुसत्या शिक्षेच्या धाकाने केलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी बनवतो अशी भूमिका घेतली, आणि 1520 साली पोपच्या फर्मानाने ती निषिद्ध ठरवली. पुढे 1551 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने असे ठरवले की नरकाच्या भीतीने उपजलेला पश्चात्ताप अपुरा असला, तरी पाप करण्याची इच्छा सुटली असेल आणि क्षमेची आशा असेल, तर तो देवाचेच दान होय. मला ऑगस्टीनचे म्हणणे अधिक पटते, कारण तो भयाला काम देतो पण कायमचे घर देत नाही. ल्यूथरनेही भय हद्दपार केले असे समजू नये. 1529 च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत दहा आज्ञांचे स्पष्टीकरण देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी या धर्तीवर सुरू होते, आणि त्याच पुस्तिकेच्या 1531 च्या आवृत्तीत प्रभूच्या प्रार्थनेविषयी लिहिले आहे की लाडक्या मुलांनी लाडक्या बापाकडे मागावे तसे निःशंक मनाने देवाकडे मागावे.