वाफ्याखालची तार

बेळगाव जिल्ह्यात, चिक्कोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात आणि खानापूरच्या भातशेतीत, ‘झटका मशीन’ आता नवे राहिलेले नाही. रानडुकरे आणि गवे अडवण्यासाठी खांबांवरून ओढलेल्या उघड्या तारेत हे यंत्र साधारण दर सेकंदाला एक याप्रमाणे काही हजार व्होल्टचे, पण अत्यंत अल्पकाळ टिकणारे स्पंद सोडते. जनावराचे अंग तारेला लागले की त्याच्या शरीरातून व पायाखालच्या मातीतून विद्युतमंडल पूर्ण होते आणि झटका बसतो. त्यामुळे परड्यातला कुत्रा बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीखाली विजेचे कुंपण घालता येते, असे कुणी सांगितले की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे करंट उतरलेली मातीच येते. प्रत्यक्षात अशा पुरलेल्या तारेवर अनवाणी उभे राहिले तरी काही जाणवत नाही, कारण झटका देणारे साधन जमिनीत नसून कुत्र्याच्या गळपट्ट्यात असते.

अमेरिकेतील रिचर्ड पेक यांना १९७३ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळाले. घरातल्या प्लगला जोडलेली छोटी पेटी आवाराभोवती पुरलेल्या तारेच्या बंद वेढ्यातून काही हजार हर्ट्झ वारंवारितेचा अतिशय क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह फिरवते. या प्रवाहाभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यात व्होल्टता निर्माण होते. गळपट्ट्यात असेच एक बारीक वेटोळे बसवलेले असते. तारेपासूनचे अंतर निम्मे झाले की क्षेत्र साधारण दुप्पट होते. ठरावीक पातळी ओलांडताच पट्टा आधी ‘बीप’ करतो आणि कुत्रा तरीही पुढे गेला, तर पट्ट्यातल्या बॅटरीवर चालणारे मंडल मानेला टेकलेल्या दोन धातूच्या खुंट्यांमधून झटका देते. इतक्या कमी वारंवारितेच्या क्षेत्राला वरची वीतभर माती, मग ती खानापूरची जांभी असो की अथणीची काळी, जवळजवळ नसल्यासारखीच असते.

घरापासून वेढ्यापर्यंतची तार मात्र क्षेत्रविरहित ठेवावी लागते, नाहीतर कुत्र्याला अंगणातच अडवल्यासारखे होईल. त्यासाठी जाणारी आणि येणारी अशा दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. दोहोंतले प्रवाह उलट दिशांचे असल्याने त्यांची क्षेत्रे परस्परांना मिटवतात. हीच गोष्ट छोट्या जागेत अडचणीची ठरते. बेळगाव शहरातल्या टिळकवाडी किंवा वडगावातल्या तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर घर बांधल्यानंतर बाजूला चार-पाच फुटांची पट्टी उरते. तिच्यात दोन तारा जवळून समांतर नेल्या, तर संकेत क्षीण होतो, आणि एकच तार नेली, तर तिचा मीटरभराचा प्रभाव जवळजवळ सगळी पट्टी खाऊन टाकतो. शेतघराच्या किंवा हिंडलग्याकडच्या ऐसपैस बंगल्याच्या आवारातच ही योजना खऱ्या अर्थाने बसते.

मातीचा प्रश्न संकेताला नसला, तरी तारेला आहे. पूर्व भागातली काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. ताणून पुरलेली तार अशा भेगेत तुटते किंवा तिचा जोड उघडा पडतो. म्हणून तार सैल सोडावी आणि जोड पाणी न शिरणारे करावेत. वळवाच्या गडगडाटात पेटी प्लगपासून आणि तारेपासून सोडवून ठेवलेली बरी, कारण मोठा वेढा जवळ पडलेल्या विजेचा धक्का घरात आणू शकतो. रोजची वीज गेली की, बॅटरीची सोय नसेल तर, कुंपणही जाते, हे वेगळे सांगायला नको.

आता कुत्र्याची बाजू. तारेच्या कडेने छोटी निशाणे रोवून, दोरीला धरून, बीप ऐकू येताच मागे वळायला त्याला काही आठवडे रोज थोडा वेळ शिकवावे लागते. हे न करता नुसता पट्टा घातला, तर झटका कुठून आला हेच त्याला कळत नाही, आणि तो समोर दिसलेल्या पोस्टमनशी किंवा शेजारच्या मुलाशी त्या वेदनेचा संबंध जोडू शकतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा शिकारी कुत्रा पाळणाऱ्यांनी तर साधे गणित मांडावे: ताशी ४० किलोमीटरने धावणारे जनावर सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे मीटरभराची सूचनापट्टी ते सेकंदाच्या अकराव्या हिश्शात पार करते. ससा पुढे असताना झटका बसेपर्यंत ते पलीकडे पोहोचलेले असते, आणि परत येताना मात्र तोच झटका त्याला घराबाहेर अडवतो. शिवाय पट्टा दिवसरात्र ठेवल्यास खुंट्यांखालच्या कातडीला जखमा होतात. वेल्समध्ये २०१० पासून झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी आहे, आणि माझ्या मते ती अनाठायी नाही.

आपल्या भागापुरता सर्वांत मोठा दोष याहून सरळ आहे: पट्टा नसलेल्या प्राण्याला ही तार अडवत नाही. गल्लीतली कुत्री बिनदिक्कत आत येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या वावरत असल्याने आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. तसा पाहुणा आवारात शिरला, तर पळू पाहणाऱ्या कुत्र्यालाच झटका बसेल. ज्यांच्या आवाराला दगडी गडगा किंवा जाळी आधीच आहे आणि कुत्रा तिच्या बुडाशी उकरून बाहेर पडतो, त्यांच्यापुरता उपाय जाळीचा खालचा हातभर भाग जमिनीत गाडण्याचा आहे, आणि त्याला ना प्लग लागतो, ना पट्टा.